माळ्यावरचा 'वी': ठेवावा की टाकावा?



गेल्या खेपेला आम्ही पायांच्या सुजेबद्दल लिहिले होते. या खेपेचा विषय वाचून काही जण म्हणतील, नर्सबाईंना आता म्हातारचळ लागला. विषय आहे टीव्हीला जोडायच्या खेळाचा, म्हणजे व्हिडिओ गेमचा. हसू नका, आधी ऐकून तर घ्या.

झाले असे की, गेल्या हिवाळ्यात आमचे हे स्वयंपाकघरात घसरून पडले. देवाची कृपा, हाड मोडले नाही. पण मनाने जी भीती घेतली ती घेतलीच. खुर्चीतून उठायचे म्हटले की, "राहू दे, नंतर बघू." फिजिओथेरपिस्ट बाईंनी व्यायामाचा कागद दिला होता. तो फ्रिजवर चिकटवलेला, आणि हे समोर खुर्चीत. चाळीस वर्षे आम्ही वॉर्डात लोकांना उठवून चालवले, पण घरच्या माणसापुढे आमचे काही चालेना.

त्याच सुमारास लेक आली आणि माळा साफ करायला घेतला. एका खोक्यातून निघाला 'वी'. २००७ साली थोरल्या नातवासाठी घेतलेला. तो तेव्हा आठ वर्षांचा होता, आता कामाला जातो. लेक म्हणाली, "आई, हा टाकून देऊ?" धाकटा नातू दहा वर्षांचा. तो म्हणाला, "टाकू नका, आधी लावून बघू."

मग आम्ही ठरवले, नर्स पेशंटला तपासते तसे या यंत्राला तपासायचे. गुण एका बाजूला, दोष एका बाजूला.

मुलांनो, आधी थोडा इतिहास. हा खेळ बनवणारी निन्टेन्डो कंपनी जपानच्या क्योटो शहरातली. १८८९ साली ती सुरू झाली तेव्हा हाताने रंगवलेले पत्ते विकत असे. म्हणजे रमी खेळणाऱ्या आजी-आजोबांना ती तशी परकी नाही! वी इंग्लंडात आला ८ डिसेंबर २००६ रोजी, किंमत १७९ पौंड. तीन-चार महिन्यांनी सोनीचा प्लेस्टेशन ३ आला तो ४२५ पौंडांना. वीच्या नावाचा उच्चार इंग्रजीत 'आम्ही'सारखा होतो, आणि सगळ्यांनी मिळून खेळावे म्हणूनच ते नाव ठेवले, असे कंपनीने तेव्हा सांगितले होते. आम्हाला ते आवडले. आम्हीही या पानावर 'आम्ही'च लिहितो ना! २०१३ साली तो युरोपात विकायचा बंद झाला, तोवर जगात दहा कोटींच्या आसपास नग खपले होते. तेव्हा तुमच्यापैकी पुष्कळांच्या माळ्यावर एखादा असणार.

आता गुण.

पहिला गुण, शिकावे लागत नाही. बाकीच्या खेळांत दोन्ही हातांत बटणांचा पसारा असतो, आमची बोटे त्यावर चालत नाहीत. वीचा रिमोट एका हातात धरायचा आणि हात हलवायचा. आतले यंत्र हाताची हालचाल ओळखते. सोबत आलेल्या 'वी स्पोर्ट्स'मध्ये पाच खेळ आहेत: टेनिस, बेसबॉल, बोलिंग, गोल्फ आणि बॉक्सिंग. क्रिकेट नाही, याची आमच्या ह्यांनी लगेच तक्रार नोंदवली. बोलिंग म्हणजे आपल्या लगोरीची बहीण समजा. चेंडू टाकून दहा खुंट्या पाडायच्या. पळणे नाही, वाकणे नाही, वजन उचलणे नाही.

दुसरा गुण, बसूनही खेळता येते. ह्यांनी पहिले पंधरा दिवस खुर्चीतूनच बोलिंग केले. शिवाय एकच रिमोट असला तरी चालतो, आळीपाळीने चार जण खेळू शकतात.

तिसरा गुण हा की, तो आता जुना झाला आहे. निन्टेन्डोची वीसाठीची ऑनलाइन खेळाची सेवा २० मे २०१४ रोजी बंद झाली आणि वीचे इंटरनेटवरचे दुकान ३० जानेवारी २०१९ रोजी. नातवाला हे ऐकून वाईट वाटले. आम्हाला मात्र बरे वाटले. खेळताना कोणी अनोळखी माणूस मुलाशी बोलणार नाही, मध्येच कोणी पैसे मागणार नाही. तबकडी घातली की खेळ सुरू. आणि खेळायचे तर दोघांना एकाच खोलीत उभे राहावे लागते.

आता दोष. इथे आमच्यातली नर्स जागी होते.

चित्र अंधूक दिसते. त्याच वेळच्या प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० यांचे चित्र याच्यापेक्षा कितीतरी स्वच्छ होते. वीची जुनी वायर नव्या टीव्हीला बहुधा लागत नाही, मध्ये एक छोटा डबा जोडावा लागतो. मोतीबिंदू असलेल्यांनी खुर्ची पुढे ओढून घ्यावी. रिमोटला दोन सेल लागतात. सेल बरीच वर्षे आत राहिले असतील तर पाझरलेले असतात, ते मोठ्यांनीच काढावेत.

टीव्हीजवळ एक पट्टी ठेवावी लागते, तिच्यातून डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश निघतो. पट्टी हरवली तर दोन मेणबत्त्यांवरही रिमोट चालतो, असे नातवाने सांगितले. ते खरे आहे, कारण मेणबत्तीतूनही तोच प्रकाश निघतो. पण मुलांनो, घरात असा प्रयोग करायचा नाही, आणि शुक्रवारच्या आजीच्या दिव्यांकडे तर बघायचेसुद्धा नाही!

रिमोट हातातून सुटतो. पहिल्याच डिसेंबरात कंपनीला सुमारे ३२ लाख दोऱ्या बदलून द्याव्या लागल्या, कारण त्या तुटून रिमोट टीव्हीवर जाऊन आदळत होते. दोरी मनगटात घातल्याशिवाय खेळू नये.

खांदा दुखतो. २००७ साली अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात स्पेनच्या एका डॉक्टरचे पत्र आले होते. एकोणतीस वर्षांचा धडधाकट डॉक्टर, वीवर तासन्‌तास टेनिस खेळला आणि सकाळी उठला तो खांदा धरून. दुखण्याला त्याने नावही दिले, 'वी-आयटिस'! आम्ही ते वाचून हसलो होतो. पण नातवाशी अर्धा तास टेनिस खेळलो आणि दोन दिवस केस विंचरता येईनात. वीस मिनिटे पुरे, मध्ये विश्रांती.

आणि व्यायाम म्हणाल तर थोडाच. २००७ साली लिव्हरपूलच्या संशोधकांनी तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलांवर मोजून पाहिले. बसून खेळण्यापेक्षा वीवर ताकद जास्त खर्च होते, पण खरा खेळ खेळण्याइतकी नाही. शिवाय नुसते मनगट झटकले तरी यंत्र फसते. नातू सोफ्यावर लोळून टेनिस जिंकतो. म्हणून मुलांनो, उजेड असेल तोवर बाहेर खेळायचे.

सगळ्यात मोठा वाद झाला तो पाटावरून. २००८ साली 'वी फिट' आले, त्याबरोबर वजनकाट्यासारखा पांढरा पाट मिळे. त्यावर उभे राहिले की तोल मोजतो. मोजमाप वाईट नाही. २०१० साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी प्रयोगशाळेतल्या महागड्या यंत्राशी तुलना केली तेव्हा तो बराच जुळला. तोही खोक्यात निघाला. ह्यांना बोलिंगचा हुरूप आलेला, म्हणाले, "आता मी यावर चढतो."

आम्ही म्हटले, "अहो, नाही."

"का नाही?"

"दोन इंच उंच आहे, धरायला काही नाही, आणि उतरताना तुमचे लक्ष टीव्हीकडे."

"तू मला पेशंट समजतेस," असे म्हणून ते आत गेले. दोन दिवस घरात बोलणे नाही. नातवाचेही तोंड उतरले. आम्हालाही रात्री झोप येईना. इतक्या महिन्यांनी माणूस आपणहून उभा राहायला निघाला आणि आम्हीच त्याला बसवले. पण तोल गेलेल्या माणसाचे मोडलेले खुबे आम्ही वॉर्डात पाहिले आहेत. शेवटी फिजिओ बाईंना फोन करून विचारले. त्या म्हणाल्या, बोलिंग जरूर करा, मागे खुर्ची आणि बाजूला माणूस ठेवून. पाट घरी एकट्याने नको. मग आमच्यात तह झाला. ह्यांनी पाट सोडला, आणि आम्ही प्रत्येक चेंडूला "जपून!" म्हणणे सोडले.

त्या पाटाबद्दल आणखी एक. तो उंची-वजनावरून बीएमआयचा आकडा काढतो आणि २५ पर्यंत ठीक म्हणतो. आपल्या दक्षिण आशियाई लोकांना मधुमेह कमी वजनावरच गाठतो. म्हणून इथल्या आरोग्य खात्याच्या सल्ल्यात आपल्यासाठी २३ पासूनच सावध राहा आणि २७.५ पासून धोका जास्त, असे आहे. म्हणजे २४ आकडा आला आणि पाटाने शाबासकी दिली तरी भुलू नका. मुलांचा बीएमआय तर वय आणि मुलगा-मुलगी पाहून वेगळ्या तक्त्यावर वाचायचा असतो. २००८ साली याच देशात एका दहा वर्षांच्या मुलीला या खेळाने जाड ठरवले आणि कंपनीला माफी मागावी लागली. तेव्हा मुलांनो, यंत्राने काही म्हटले तर रडू नका, आजीला विचारा.

आता निकाल. वी ठेवायचा, पाट माळ्यावर. हिवाळ्यात शब्बाथ लवकर सुटतो. दिवे लागले की नातू येतो, गालिचा गुंडाळतो, टीपॉय भिंतीला लावतो. हे सपाता काढून बूट घालतात. आता दहाही डाव उभ्याने खेळतात, एक हात खुर्चीच्या पाठीवर. फ्रिजवरच्या कागदातले व्यायाम रोज सकाळी होतात, कारण शनिवारी नातवापुढे पाय थरथरलेले त्यांना चालत नाहीत. मागच्या आठवड्यात काठी घेऊन ब्रॉडवेपर्यंत पेपर आणायला गेले. पायात बळ आले ते व्यायामाने, यात आम्हाला शंका नाही. पण चाळीस वर्षांच्या नर्सला जे जमले नाही, ते त्या नातवाने जमवले, हेही कबूल करायला हवे.

तेव्हा मंडळी, माळ्यावर वी असेल तर टाकू नका. दोरी मनगटात, बूट पायात, खुर्ची मागे. पेसमेकर असेल किंवा चक्कर येत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि मुलांनो, आजी-आजोबांना खेळायला बोलवाल तेव्हा एखादा डाव मुद्दाम हरू नका. आमच्या ह्यांना ते लगेच कळते, आणि मग ते रागाने पुन्हा उभे राहतात!

पुढच्या अंकात भेटू. तब्येती सांभाळा.