‘अन्य’ ठरवायचे कोणाला?

भाषाशास्त्रात ‘अ‍ॅलोफोन’ अशी एक संज्ञा आहे. मराठीत तिला ‘स्वनांतर’ म्हणतात. ‘नमस्कार’ मधील ‘न’ जिभेच्या टोकाने उच्चारला जातो. ‘पंखा’ मधील अनुस्वार जिभेच्या मागच्या भागाने. उच्चार दोन, पण त्यामुळे अर्थ बदलत नाही. म्हणून शास्त्र त्यांना एकाच ध्वनीची दोन रूपे मानते.

कॅनडाच्या क्युबेक प्रांतात मात्र हाच शब्द माणसांना लावला जातो. ज्यांची मातृभाषा फ्रेंचही नाही आणि इंग्रजीही नाही, ते तेथे ‘अ‍ॅलोफोन’, म्हणजे अन्यभाषी. फ्रेंच भाषेच्या रक्षणासाठी तेथे 1977 साली कायदा झाला. स्वभाषेची चिंता समजण्यासारखीच आहे. पण या संज्ञेत माणसाची ओळख तो कोण आहे यावरून नव्हे, तर कोण नाही यावरून ठरते. शास्त्रात जो शब्द आप्तभाव दाखवतो, तोच समाजात परकेपणाची खूण होतो. आपण यांतील कोणता अर्थ स्वीकारणार?

हा प्रश्न अमरावती जिल्ह्यातील चांदूर रेल्वेलाही लागू आहे. चांदूर बाजारहून वेगळे ओळखू यावे म्हणून या गावाच्या नावाला ‘रेल्वे’ हा इंग्रजी शब्द जोडला गेला, त्याने कोणाची मराठी बाटली नाही. मात्र याच गावातील मूल ‘डोळा’ऐवजी ‘डोया’, ‘काळा’ऐवजी ‘काया’ म्हणाले की ते ‘अशुद्ध’ ठरते! काटेकोर अर्थाने हे स्वनांतर नसून बोलीभेद आहे. पण न्याय तोच लागू होतो. ‘ळ’च्या जागी ‘य’ येणे हा वऱ्हाडी बोलीचा नियम आहे, जिभेचा आळस नव्हे. शाळेने प्रमाण मराठी अवश्य शिकवावी. परंतु ‘डोया’ म्हणणाऱ्या आजीची लाज वाटायला शिकवू नये.

मराठीचा इतिहासही हेच सांगतो. श्रीचक्रधरस्वामी मूळचे गुजरातमधील भडोचचे, अशी महानुभाव परंपरा आहे. क्युबेकच्या हिशेबाने तेही अन्यभाषीच! पण त्यांनी मराठीतून निरूपण केले, आणि त्यांच्या लीळांतून मराठी गद्याचा आद्य ग्रंथ ‘लीळाचरित्र’ उभा राहिला. त्यांचे गुरू श्रीगोविंदप्रभू याच जिल्ह्यातील ऋद्धिपूरचे. आज तेथे मराठी भाषा विद्यापीठ आहे. आपल्या पूर्वजांनी दाराशी आलेल्याची मातृभाषा विचारली असती, तर मराठीचेच नुकसान झाले असते.

खरी कसोटी मात्र मेळघाटात आहे. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतील कोरकू बांधवांची भाषा मराठीची बोली नाही. ती संथाळीच्या कुळातील, मुंडा गटाची स्वतंत्र भाषा आहे. 2011 च्या जनगणनेत देशात तिचे 7 लाखांहून अधिक भाषक नोंदले गेले. तिला ‘अशुद्ध मराठी’ म्हणणे हे अज्ञान, आणि तिच्या भाषकाला परका मानणे हा अन्याय होय. 2003 च्या 92 व्या घटनादुरुस्तीने संथाळीला आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले. कोरकू आजही त्या सूचीबाहेर आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, असे घटनेचा अनुच्छेद 350-क सांगतो. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाचाही तोच आग्रह आहे. पहिल्या दिवशी वर्गात बसलेल्या कोरकू बालकाला गुरुजींचा शब्दच कळत नसेल, तर त्या मुलाला मंद ठरवण्याचा अधिकार कोणाला आहे?

3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय झाला. हा मान मोठा आहे आणि मोठ्यावर जबाबदारीही मोठीच असते. मेळघाटात सेवाकार्यासाठी जाणाऱ्या कार्यकर्त्याने आधी दहा-वीस कोरकू शब्द शिकावेत. शहरातील कुटुंबांनी वऱ्हाडी उच्चाराची घरात थट्टा होऊ देऊ नये. समाजाची एकता उच्चार एकसारखे करून साधत नाही. वेगळा स्वर कानी पडताच ‘हा आपलाच’ असे मनाला वाटणे, हीच तिची खूण आहे.