गुपित कंपनीचे आणि गुपित कामगाराचे

चिखलीहून चाकणला पाळीवर जाणाऱ्या कामगाराच्या मोबाईलच्या कॅमेऱ्यावर अनेक कारखान्यांच्या दारातच चिकटपट्टी लावली जाते. साच्याचा वा नव्या मोटारीचा फोटो बाहेर जाऊ नये, ही व्यवस्थापनाची काळजी. तीबद्दल तक्रार नाही. पण त्याच कामगाराला स्वतःचे काही झाकायचे झाले, तर त्याच्यासाठी कोणती पट्टी आहे?

मोबाईल कंपन्या म्हणतात, गोपनीयता आता फोनमध्येच आहे. असेल, पण किती रुपयांच्या फोनमध्ये? गूगलने २०२३ च्या पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने २०२४ च्या गॅलेक्सी एस २४ ला ७ वर्षे सुरक्षा-सुधारणा देण्याचे कबूल केले. स्वस्त फोनांची ही मुदत त्या मानाने फारच तोकडी. ती संपली की नव्याने सापडलेली भोके उघडीच राहतात, आणि हप्त्याने घेतलेल्या त्याच फोनवर पगार, बँकेचा ओटीपी आणि आधार चालते. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून बाजारात येणाऱ्या फोनांना, विक्री थांबल्यानंतरही किमान ५ वर्षे सुधारणा पुरवण्याची सक्ती केली. म्हणजे अडचण तंत्राची नाही.

आपल्या सरकारची सुरक्षेची कल्पना निराळी. दूरसंचार खात्याने २८ नोव्हेंबर २०२५ रोजी प्रत्येक नव्या फोनमध्ये ‘संचार साथी’ आधीच बसवण्याचा हुकूम काढला. चोरीचा फोन सापडावा हे कोणाला नको आहे? परंतु ज्याचा फोन त्यालाच ते बंद करता येऊ नये, अशी अट कशासाठी? देशभर ओरड झाली तेव्हा ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली गेली. पेगॅसस प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीला केंद्र सरकारने सहकार्य केले नाही, हे सरन्यायाधीशांनी २५ ऑगस्ट २०२२ रोजी भर न्यायालयात सांगितले होते. त्यावर मात्र पुरेशी ओरड झाली नाही.

२०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खाजगीपणा मूलभूत हक्क ठरला. त्यानंतर २०२३ मध्ये आलेल्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याच्या १७ व्या कलमाने केंद्राला हवी ती सरकारी यंत्रणा कायद्याबाहेर ठेवण्याची मुभा दिली. कामगाराच्या दृष्टीने त्याहून घातक ७ वे कलम आहे. नोकरीच्या कारणासाठी मालकाला कामगाराची माहिती त्याच्या संमतीवाचून वापरता येते. आणि त्या कारणांत कंपनीच्या व्यापारी गुपितांचे रक्षण नाव घेऊन नोंदवलेले आहे! कामगाराच्या गुपिताला तेथे जागा नाही. हजेरीसाठी चेहरा आणि ठिकाण टिपणारे अ‍ॅप कंत्राटदाराने कामगाराच्याच फोनवर लादले, तर संघटनेच्या सभेला कोण गेला हे विचारण्याचीही त्याला गरज उरत नाही. पुढच्या महिन्यात कंत्राट वाढवायचे नाही, एवढे त्याला पुरते.

नोव्हेंबर २०२५ च्या नियमांनी या कायद्याच्या मुख्य तरतुदींना १८ महिन्यांची मुदत दिली. तेवढ्या अवधीत पिंपरी-चिंचवड व चाकणच्या संघटनांनी आपल्या मागणीपत्रांत दोन गोष्टी घालाव्यात. हजेरीचे यंत्र मालकाने स्वतःच्या खर्चाने दारात बसवावे, कामगाराचा फोन त्यासाठी वापरू नये. आणि पाळी सुटल्यावर तो कोठे जातो याची नोंद कोणीही ठेवू नये. ही कलमे कंत्राटी कामगारांनाही लागू व्हायला हवीत. कायम कामगारांपुरता करार करून हारतुरे घेणाऱ्या पुढाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.