गाडीची कुरकुर आणि कटकट

ध्वनींच्या बाबतीत मराठी भाषा मोठी श्रीमंत आहे. पावसाची रिपरिप निराळी आणि सरसर निराळी. दाराची करकर निराळी आणि कडीची खटखट निराळी. व्याकरणकारांनी या शब्दांना ‘अनुकरणवाचक’ असे नाव देऊन अभ्यस्त शब्दांच्या प्रकरणात एका कोपऱ्यात बसविले आहे, आणि बहुतेक विद्यार्थी ते प्रकरण एका वाचनात उरकून टाकतात. मात्र एवढी शब्दसंपत्ती घरात असलेला आमचा मराठी गृहस्थ गाडी घेऊन मिस्त्रीकडे गेला म्हणजे खाली मान घालून एवढेच सांगतो, “भैया, आगे से कुछ आवाज आती है.” या ‘कुछ’ शब्दाची किंमत पुढे त्याला रोख रकमेत मोजावी लागते.

या वेळी आम्ही हा विषय घेतला त्याला कारण आहे. बालाघाटातील काय किंवा गोंदिया, शिवनी, जबलपूर येथील काय, आपल्या मध्यमवर्गीय मराठी कुटुंबांत जुनी गाडी जपून वापरण्याची रीत आहे. मारुती ८०० ही गाडी डिसेंबर १९८३ मध्ये प्रथम रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. म्हणजे तिच्या कुळातील सर्वांत धाकटी गाडीसुद्धा आता दहा वर्षांहून वडील झाली आहे. आमच्या दारातील गाडी १९९९ सालची आहे. पंधरा वर्षे उलटलेल्या खाजगी गाडीच्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते व त्यासाठी तिची तपासणी होते. परंतु दोन तपासण्यांच्या मधली पाच वर्षे गाडीची तपासणी करणारा अधिकारी एकच, तो म्हणजे तिच्या मालकाचा कान.

गाडीच्या पुढल्या चाकांवर तिचे वजन तोलून धरणारी आणि रस्त्याचे धक्के पचविणारी जी व्यवस्था असते, तिला सस्पेन्शन म्हणतात. अॅम्बॅसॅडरमध्ये हे काम पोलादी दांड्याच्या पिळाने होत असे, आणि तिच्या सांध्यांना ठराविक मुदतीने ग्रीस पाजावे लागे. प्रीमियर पद्मिनीत स्प्रिंगा आणि दुहेरी आडवे हात होते. मारुतीने जी रचना घेतली ती अर्ल मॅक्फर्सन या अमेरिकन अभियंत्याच्या नावाने ओळखली जाते. हिच्यात प्रत्येक चाकामागे एक उभे नळकांडे असते. त्याच्या पोटात धक्का शोषणारे तेल, अंगाभोवती स्प्रिंग आणि माथ्यावर रबराची गादी व बेअरिंग. आपले मिस्त्री या सगळ्याला मिळून ‘शॉकअप’ म्हणतात. खालून चाकाला धरून ठेवणारा आडवा हात म्हणजे लोअर आर्म. त्याच्या गाडीकडील टोकास रबरी बुश आणि चाकाकडील टोकास बॉल जॉइंट, म्हणजे आपल्या खांद्याच्या सांध्यासारखा वाटीत फिरणारा गोळा. डावे व उजवे चाक जोडणारा एक वाकडा दांडा असतो, तो स्टॅबिलायझर बार. मारुती ८०० मध्ये या दांड्याकडे दुहेरी नोकरी आहे. वळणावर गाडीला कलू न देणे हे एक काम, आणि लोअर आर्मला मागेपुढे सरकू न देणे हे दुसरे. हे दुसरे काम पुढे आपल्या उपयोगी पडेल.

आता मुख्य मुद्दा. आवाज कोठून येतो हे शोधण्यापूर्वी तो केव्हा येतो हे लिहून काढावे. लोखंड ध्वनी दूरवर वाहून नेते. डाव्या चाकातील खटखट उजव्या पायाखाली ऐकू येते आणि चांगला जाणता मिस्त्रीही फसतो. ‘केव्हा’ हा प्रश्न मात्र सहसा फसवत नाही. गतिरोधक चढताना की उतरताना? सरळ जाताना की वळताना? ब्रेक दाबला असता वाढतो की थांबतो? थंड सकाळी की पावसात? चार दिवस एका वहीत टिपणे ठेवली तर अर्धे निदान घरीच होते. अर्थात प्रथम डिकी रिकामी करावी. जॅक, पाने, जादा चाक आणि गेल्या दिवाळीपासून आत पडलेला पितळी डबा यांनी आजवर पुष्कळ शॉकअप विनाकारण बदलविले असतील, असा आमचा अंदाज आहे.

खड्ड्याखड्ड्यांच्या रस्त्यावर हळू जाताना खटखट होते, परंतु दोन्ही चाके एकदम गतिरोधकावर चढविली तर होत नाही, अशी टिपणी असल्यास संशय स्टॅबिलायझर बारच्या रबरांवर घ्यावा. दोन्ही चाके सारखीच उचलली गेली की तो दांडा पीळ न पडता फिरतो, एक चाक वर आणि एक खाली गेले म्हणजेच त्याला पीळ बसतो. मारुतीत याच दांड्याच्या टोकाचे रबर झिजले, तर ब्रेक दाबताच आणि पुन्हा गाडी सोडताच एकेक ‘खट्’ ऐकू येते, कारण लोअर आर्म मागेपुढे सरकू लागतो. हे रबर शॉकअपच्या मानाने अगदीच किरकोळ किमतीचे असते.

गतिरोधकावरून उतरताना एकच ‘धप्प’ होत असेल तर शॉकअप किंवा माथ्यावरची रबरी गादी पाहावी. नळकांड्यावर तेल ओघळले आहे काय, बॉनेटचा कोपरा जोराने दाबून सोडल्यावर गाडी एकदा वर येऊन स्थिरावते की पाळण्यासारखी झुलत राहते, हे पाहणे घरच्या मुलांनाही जमेल. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरविताना ‘टण्ण’ होत असेल तर बहुधा माथ्यावरचे बेअरिंग अडते व स्प्रिंग अडखळत सुटते. क्वचित स्प्रिंगचे टोकही मोडलेले निघते. वळण घेताना वेग दिला की कटकटकट अशी माळ लागते, ती सस्पेन्शनची नव्हे, ड्राइव्ह शाफ्टच्या सांध्याची. वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर चाकाच्या बेअरिंगची. पुढे डिस्क ब्रेक असलेल्या गाडीत ब्रेकवर नुसता पाय टेकताच खडखड बंद पडली, तर ब्रेकचे पॅड सैल आहेत असे समजावे.

कुरकुरीविषयी थोडे अधिक लिहावेसे वाटते, कारण तिच्यावर आपल्याकडे जो उपाय होतो तो रोगाहून वाईट आहे. हिवाळ्यात कोरडे पडलेले रबरी बुश कुरकुरतात आणि पावसात गप्प होतात. पूर्वी सर्व्हिसिंगच्या वेळी गाडीच्या पोटावर डिझेल व जुने तेल फवारण्याची चाल होती. ट्रकच्या किंवा अॅम्बॅसॅडरच्या मागच्या पाट्यांना त्याने काही लाभ होत असेल. पण खनिज तेलाने रबर फुगते व सडते. फवारणी झाली की कुरकुर आठवडाभर थांबते, मालक खूश होतो आणि बुश त्याच वेळी मरणपंथाला लागतो. संशयित रबरावर साधे पाणी शिंपडून पाहावे. आवाज थांबला तर जागा सापडली. तात्पुरता उपाय हवाच असेल तर रबरास चालणारा सिलिकोनचा फवारा वापरावा. खरा उपाय म्हणजे बुश बदलणे.

येथवरच्या आवाजांपैकी बहुतेक सोसता येतात. एक मात्र सोसू नये. आमच्या परिचयातील एका शिक्षकांना दर शनिवारी म्हाताऱ्या आईसह बालाघाटहून बैहरकडे जावे लागे. भरवेलीच्या मँगनीज खाणीपर्यंत अवजड ट्रकांची वर्दळ आणि गांगुलपाऱ्यानंतर घाटाची वळणे, असा तो रस्ता. गाडी पुढून खटखटू लागली. एका मोठ्या वर्कशॉपात त्यांनी दोन्ही शॉकअप बदलून घेतले, अर्ध्या महिन्याचा पगार खर्ची पडला, आणि खटखट होती तशीच राहिली. “जुनी गाडी आहे, आवाज करायचीच,” असे त्यांना सांगण्यात आले व त्यांनीही ते मान्य केले. पुढे टायर एकाच कडेला झिजू लागले म्हणून त्यांनी गाडी टिनाच्या छपराखाली काम करणाऱ्या एका स्थानिक मिस्त्रीला दाखविली. त्याने काही न विचारता पुढले चाक अधांतरी उचलले, एक हात चाकाच्या माथ्यावर व एक तळाशी धरून ते हलविले. चाक डुलले. मग त्याने मास्तरांना आत बसवून ब्रेक दाबून धरायला सांगितले आणि पुन्हा हलविले. तरीही डुलले. “बेरिंग नहीं है मास्टरजी, बॉल जॉइंट है,” तो म्हणाला. बेअरिंग सैल असते तर ब्रेक दाबताच डुलणे नाहीसे झाले असते. बॉल जॉइंटची रबरी टोपी फाटून आत ग्रीसऐवजी चिखल भरला होता. धानाच्या हंगामात शेतातून निघणारे ट्रॅक्टर रस्त्यावर जो चिखल आणून टाकतात, त्याचे हे काम.

बॉल जॉइंट झिजून वाटीबाहेर निसटला म्हणजे चाक खालून सुटते आणि आडवे पडते. स्टिअरिंग हातात असूनही गाडी हाती राहत नाही. सपाट रस्त्यावर, कमी वेगात, यातून निभावून जाता येईल; घाटाच्या वळणावर नाही. म्हणून चाक वर-खाली धरून डुलत असेल, तर त्या गाडीने नागपूरचे लग्न गाठू नये, मिस्त्रीचे दार गाठावे. डावी-उजवीकडे धरून डुलत असेल तर टाय रॉडचा सांधा सैल असण्याचा संभव. त्यालाही तितकीच तातडी. हे परीक्षण करताना जॅक बॉडीखालच्या मजबूत जागी लावावा, मागल्या चाकांना दगड द्यावेत, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणीही शिरू नये. शॉकअपवरची स्प्रिंग घरी सोडविण्याचे धाडस तर मुळीच करू नये. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात मोडते. तिला योग्य हत्यार लागते. दोरीने किंवा तारेने बांधून ती उतरविणाऱ्या मिस्त्रीपासून आम्ही दूर राहतो.

दुरुस्ती चालू असताना जवळ उभे राहावे आणि दोन गोष्टी नम्रपणे पण निश्चून सांगाव्यात. शॉकअप बदलायचेच असतील तर डावा-उजवा जोडीने बदलावेत, एक नवा व एक जुना असे ठेवू नये. दुसरी गोष्ट पुष्कळ मिस्त्री करीत नाहीत. लोअर आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी वर टांगलेली असताना आवळले, तर रबर त्या लोंबत्या स्थितीत पकडले जाते. गाडी जमिनीवर उतरली की त्याला कायमचा पीळ पडतो आणि नवा बुश वर्षाच्या आत फाटतो. म्हणून बोल्ट प्रथम हलकेच लावून, गाडी चाकांवर उभी करून, एकदोनदा दाबून, मगच पक्के आवळावेत. “पहले नीचे उतारिए, फिर कसिए,” एवढे हिंदी पुरेसे आहे. मास्तरांच्या गाडीला नवा बॉल जॉइंट बसला तो अशाच रीतीने. पुष्कळ गाड्यांत तो लोअर आर्मशी जोडूनच येतो व तेव्हा पूर्ण आर्म बदलावा लागतो. हे भाग गोंदियास किंवा नागपुरास मिळतात. ते आणताना जुना भाग सोबत न्यावा, कारण निरनिराळ्या सालांच्या गाड्यांत मापे बदलली आहेत.

काम संपल्यावर चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे, नाहीतर नवे टायर पुन्हा एका कडेने खाल्ले जातील. मग वही घेऊन, ज्या रस्त्यावर पहिली टिपणी केली त्याच रस्त्यावरून, तितक्याच वेगाने, खिडक्या उघड्या ठेवून एकदा जाऊन यावे, आणि पंधरा दिवसांनी ते बोल्ट पुन्हा एकदा मिस्त्रीकडून तपासून घ्यावेत.