अमेरिकेत फ्रिज 600 लिटरचा, आपल्याकडे 190 चा. असं का?

22 सप्टेंबर 2025 ला एसी, डिशवॉशर आणि 32 इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, तेव्हा आमच्या फॅमिली ग्रुपवर काकांनी लगेच मेसेज टाकला, 'फ्रिज पण स्वस्त झाले!' नाही झाले. फ्रिज जुलै 2018 पासूनच 18 टक्क्यांत आहेत. पण तोवर आईचा फोन आला होता, 'आपला जुना 165 लिटरचा काढून मोठाच घेऊ या का? न्यू जर्सीला दादाकडे कपाटाएवढा आहे.'

मावसभावाचा तो फ्रिज मी व्हिडिओ कॉलवर पाहिलाय. अमेरिकेत 20 ते 25 घनफुटांचा फ्रिज अगदी नॉर्मल. एक घनफूट म्हणजे सुमारे 28 लिटर, म्हणजे साडेपाचशे ते सातशे लिटर. आपल्याकडे सिंगल डोअर घ्यायला गेलात तर 180-200 लिटरचेच मॉडेल जास्त दिसतात. त्यांच्याकडे पैसे जास्त आहेत, हे उत्तर अर्धंच आहे. जर्मनी किंवा फ्रान्सही काही गरीब नाहीत, पण तिथल्या घरांत फ्रिज बराच लहान असतो.

खरी गोष्ट सुरू होते दुकान किती लांब आहे इथून. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत शहरांबाहेर प्रशस्त घरं झाली, घरोघरी कार आली आणि सुपरमार्केट गाडीच्या अंतरावर गेलं. मग आठवड्यातून एकदा जायचं आणि डिकी भरून आणायचं. ती डिकी रिकामी करायला तेवढंच मोठं कपाट लागणार. युरोपातल्या जुन्या शहरांत बेकरी, भाजीवाला चालत जाता येईल इतका जवळ. शिवाय तिथे किचनची कपाटं 60 सेंटीमीटर रुंदीच्या मापात बनतात आणि फ्रिजला त्याच खाचेत बसावं लागतं. जपानमध्येही किचन अरुंद, म्हणून तिथले फ्रिज रुंदीऐवजी उंचीत वाढले आणि त्यांना पाच-सहा दारं-ड्रॉवर आले.

नियमांचाही हात आहे. अमेरिकेत विक्रीची अंडी धुतात. त्यामुळे कवचावरचा नैसर्गिक थर जातो आणि ती थंडच ठेवावी लागतात. युरोपियन युनियनमध्ये उलट, 'अ' दर्जाची अंडी धुवायलाच बंदी आहे, म्हणून दुकानात ती साध्या शेल्फवर दिसतात. फ्रान्स आणि स्पेनमध्ये बरंचसं दूध टिकाऊ पाकिटात येतं, ते फोडेपर्यंत फ्रिज नको. आपण रोज पिशवी आणतो, तापवतो, साय काढतो, आणि पातेलं आत कसं बसवायचं यावर घरात वाद घालतो.

आता विजेचं. फ्रिज तिप्पट मोठा म्हणजे बिल तिप्पट, असं नसतं. उष्णता आत शिरते ती भिंतींमधून, आणि आकार तोच ठेवून आतली जागा तिप्पट केली तर भिंतींचं क्षेत्रफळ जेमतेम दुप्पट होतं. बाकी फरक इन्सुलेशन आणि कॉम्प्रेसरचा. 1970 च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेतला नवा फ्रिज वर्षाला सुमारे 1800 युनिट खायचा. आधी कॅलिफोर्नियाने आणि मग केंद्र सरकारने निकष लावले, आणि फ्रिज मोठे होत जाऊनही हा आकडा 500 च्या आसपास उतरला. मला तरी हे फ्रिजच्या इतिहासातलं सगळ्यात भारी इंजिनिअरिंग वाटतं.

आपल्याकडे मात्र स्टार बघताना लोक हमखास फसतात. स्टार त्याच प्रकारच्या आणि त्या क्षमतेच्या फ्रिजच्या मानाने दिलेले असतात. त्यामुळे 5 स्टारचा मोठा डबल डोअर 3 स्टारच्या छोट्यापेक्षा जास्त वीज खाऊ शकतो. लेबलवर वर्षाला किती युनिट हे छापलेलं असतं, ते वाचा. समजा दोन मॉडेलमध्ये 100 युनिटचा फरक आहे आणि तुम्हाला युनिट 10 रुपयांना पडतं, तर दहा वर्षांत 10 हजारांचा फरक. दुकानदार हा हिशोब करून दाखवत नाही.

आणि मोठ्या फ्रिजमध्ये आपण ठेवणार काय? फ्रीझरमध्ये बर्फाचा ट्रे, मटार, आइस्क्रीम. बाकी सगळी गर्दी खाली, भिजवलेली कणीक, कोथिंबीर, इडलीचं पीठ, कालची आमटी. म्हणूनच कंपन्या इथे 'कन्व्हर्टिबल' मॉडेल जोरात विकतात, ज्यात फ्रीझरचं तापमान वाढवून त्याचा साधा फ्रिज करता येतो.

त्यात आता ब्लिंकिट, झेप्टो, इन्स्टामार्ट. दहा मिनिटांत दही येत असेल तर गल्लीतलं डार्क स्टोअर हाच सोसायटीचा कॉमन फ्रिज. पुण्यात माझा फ्रिज निम्मा रिकामा असतो. मोठं कपाट फक्त माझ्या किचनमधून उचलून दुसऱ्याच्या गाळ्यात गेलंय, आणि अमेरिकेतल्या कारची फेरी इथे डिलिव्हरीवाला मारतोय, तीही दिवसातून कित्येक वेळा.

पण हे शहरापुरतं. जिथे भाजी आठवडी बाजारालाच मिळते, तिथे आठवडाभराचा साठा करायची गरज अमेरिकेसारखीच आहे. मोठा फ्रिज खरं तर तिथे हवा. तिथे मात्र एक तर लहानातला लहान असतो, किंवा नसतोच. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या सुमारे 38 टक्के घरांतच फ्रिज होता. असला तरी लाइट गेली की दार उघडायचं नाही, हा घरचा नियम. सेलच्या जाहिराती कोणासाठी असतात ते यावरून कळतं.

आमच्या गावी बाजार गुरुवारी. म्हणून आईला 240 लिटरचा घेतला, लेबलवरचे युनिट बघून आणि किचनच्या दाराची रुंदी मोजून. काकांनी ग्रुपवर विचारलं, जीएसटीमुळे किती वाचले?