हातचे न राखता

संध्याकाळी मांडवीच्या धक्क्यावर बसले, की काळ्या वाळूवर चढून येणारी लाट मी मनातल्या मनात मोजत असते. संगणकावर हलती चित्रे काढण्याचा छंद लागल्यापासून ही खोड जडली आहे. चलच्चित्राच्या एका सेकंदात 24 चौकटी. एक चित्र दोन चौकटींना वापरले, तरी सेकंदाला 12 चित्रे हवीतच. म्हणजे तीन सेकंदांच्या एका लाटेला 36 चित्रे!

गेल्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनात माझी लाट पडद्यावर हलली. प्रथम वर्षाच्या एका मुलाने जवळ येऊन विचारले, "ताई, हे पाणी खरं वाटतं. कसं केलंस?" मी म्हणाले, "सरावानं जमतं रे." आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा तोंडावर आली होती. आपली युक्ती आपल्यापाशी राहिलेली बरी, असा हिशेब मी केला.

घरी जाताना मात्र मन खाऊ लागले. सराव हे अर्धेच सत्य होते. आधी हालचालीच्या दोन टोकांची चित्रे काढावीत, मग मधली भरावीत. माथ्यावर चित्रे दाट ठेवली की लाट रेंगाळते, कोसळताना विरळ ठेवली की वेगाने पडते, हे मला कोणी शिकवले? ज्याचे तोंडही मी पाहिलेले नाही अशा एका परदेशी हौशी चित्रकाराने, आणि तेही फुकट! मी वापरते ती क्रिता आणि ब्लेंडर ही साधनेही विनामूल्यच. 2002 साली ब्लेंडर बंद पडण्याची वेळ आली, तेव्हा ती वापरणाऱ्यांनी वर्गणी काढून एक लाख युरो जमवले आणि ती सर्वांसाठी खुली केली. त्याच साधनावर तयार झालेल्या 'फ्लो' या लॅटव्हियन चित्रपटाला 2025 साली ऑस्कर मिळाले. सार्वजनिक विहिरीचे पाणी पिऊन मी घरच्या माठाला कुलूप लावत होते!

आपल्याकडचा दाखला तर त्याहून जुना आहे. 1912 साली दादासाहेब फाळके लंडनला गेले, तेव्हा तिथे त्यांना कोण ओळखत होते? तरीही 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकांनी त्यांची सेसिल हेपवर्थ या निर्मात्याशी गाठ घालून दिली आणि हेपवर्थ यांनी या परक्या माणसाला आपल्या स्टुडिओतले काम दाखवले. पुढल्याच वर्षी 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. 1915 च्या सुमारास फाळक्यांनी आगकाड्या एकेक चौकटीने सरकवून त्यांना नाचवले. आपल्या देशातील चलच्चित्राचा हा आरंभीचा प्रयत्न. आणि मिळालेली विद्या त्यांनी पेटीत ठेवली नाही. 1917 पासून 'नवयुग' मासिकात लेख लिहून त्यांनी आपली हकीकत मराठीत मांडली.

यावर कोणी म्हणेल, "कलेवर पोट भरणाऱ्याने सगळेच वाटून टाकले, तर त्याने खायचे काय?" प्रश्न रास्त आहे. परंतु रीत आणि कृती यांत भेद केला पाहिजे. रीत सांगावी, कृती मात्र ज्याची त्याची. दुसऱ्याचे चित्र उचलून खालचे नाव पुसणे ही चोरीच, मग ते काम माणसाने केलेले असो वा यंत्राकडून करवून घेतलेले. घेताना नाव घ्यावे आणि देताना हातचे राखू नये, एवढीच माझी आचारसंहिता आहे.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला शोधून काढले आणि सगळे सांगितले. यंदा स्पर्धेसाठी निवड त्याची झाली, माझी नाही. खोटे कशाला बोलू, दोन दिवस जेवण गोड लागले नाही. पण त्याच मुलाने एकदा माझ्या नव्या चित्रातली होडी पाहून म्हटले होते, "ताई, होडी लाटेबरोबर उठत नाही. आधी नाळ उठते, मागचा भाग नंतर." नाळ म्हणजे होडीचे पुढचे टोक, हे त्यानेच सांगितले. तो मच्छीमाराच्या घरातला. हे ज्ञान मला कुठल्याही परदेशी गुरूने दिले नसते. मी माझी युक्ती दडवली असती, तर तो माझ्या होडीजवळ फिरकला तरी असता का?

म्हणून प्राध्यापकांना आणि विद्यार्थी मित्रांना माझी एक विनंती आहे. या विषयावरचे बहुतेक शिक्षण इंग्रजीत आहे, आणि गावाकडून येणारी कितीतरी मुले तिथेच बिचकतात. आपल्या ग्रंथालयात एक वही ठेवावी. ज्याला जे साधले, त्याने ते सोप्या मराठीत, आपल्या नावानिशी तीत लिहावे. शनिवारी तासभर संगणक कक्ष उघडा मिळावा. खर्च जवळजवळ काहीच नाही.

वहीचे पहिले पान लिहायला मी तयार आहे. त्यावर लाट असेल. होडीचे पान मात्र त्या मुलाने लिहावे.