गुपिताची चोरी आणि तोट्याचे गुणाकार

दिवाळी आली की आमच्या घरात चकलीच्या भाजणीवरून एक जुना खटला पुन्हा उभा राहतो. माझ्या आजीने भाजणीचे प्रमाण सुनांनाही सांगितले नव्हते. आणि तरीही एका वर्षी शेजारच्या काकूंच्या डब्यात तीच चव निघाली. आजी आठ दिवस फुगून बसली. आजोबा म्हणाले, ‘‘अगं, तुझी भाजणी तुझ्याजवळच आहे की! गेलं काय तुझं?’’ आजी म्हणाली, ‘‘काय गेलं ते तुम्हाला सांगून कळायचं नाही.’’

वाचकहो, या एका प्रश्नोत्तरात व्यापारी गुपितांच्या चोरीचा सारा वाद आला आहे. भांडे चोरीला गेले तर फडताळात जागा रिकामी दिसते. गुपित चोरीला गेले तर जिथल्या तिथेच असते. नाहीशी होते ती त्याची किंमत. ही किंमत मोजायची कशी, याबद्दल आपल्याकडे दोन पंथ आहेत, आणि माझे भांडण दोघांशीही आहे. पहिला आजोबांचा पंथ : गुपित जागेवर आहे, म्हणजे तोटा शून्य. दुसरा पंथ असे सांगतो की चोरी झाल्या दिवसापासून गल्ल्यात जो रुपया कमी पडला, तो प्रत्येक रुपया चोरानेच नेला. पहिला पंथ आळशी आहे आणि दुसरा लोभी. नुकसान भोगणाऱ्याचा घात दोघेही सारखाच करतात.

मी मॅट्रिक झालेला मास्तर. पोरांना अंकगणित शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. कायद्याच्या वाटेला जाण्याचे मला कारण नव्हते. पण गेल्या उन्हाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी अकोल्याहून अमरावतीला माझ्याकडे आला. त्याची लहानशी डाळमिल आहे. तुरीला तेल किती लावायचे, पाणी किती द्यायचे, ढीग किती तास दडपून ठेवायचा आणि ऊन किती दाखवायचे, यावर डाळ अखंड निघणार की तिचा चुरा होणार हे ठरते. त्याच्या बापाने कुठल्या भागातली तूर कशी वागते याची टिपणे एका वहीत वर्षानुवर्षे करून ठेवली होती. अठरा वर्षे कामाला असलेला मिस्त्री ती वही घेऊन समोरच्या मिलमध्ये गेला.

‘‘सर, चाळीस लाखांचा दावा ठोकतो. अंदा माही विक्री एक कोटी वीस लाखांवरून ऐंशी लाखांवर आली. हिशेब सोपा हाय न?’’

मी म्हटले, ‘‘अरे, तुला वजाबाकी मीच शिकवली, पण ती कशातून काय वजा करायची हे शिकवायचे राहून गेलेले दिसते.’’ आणि आम्ही पाटीवर बसलो.

पहिली गोष्ट अशी की त्या वर्षी तूरच कमी आली होती. ज्यांच्या घरी कुठलीही चोरी झाली नाही त्या मिलांचीही विक्री सहाव्या हिश्शाने घटली होती. म्हणजे याचे वीस लाख चोरी नसतानाही गेलेच असते. ते पावसाकडे मागावेत, समोरच्याकडे नव्हे. उरले वीस लाख. पण ती झाली विक्री. शंभर रुपयांच्या डाळीत तूर, मजुरी, वीज आणि बारदाना मिळून नव्वद रुपये जातात. डाळ विकली नाही तसे हे नव्वद खर्चही झाले नाहीत. तोटा दहाचा, म्हणजे वीस लाखांवर दोन लाखांचा. उरलेली गिऱ्हाइके टिकवण्यासाठी याला ऐंशी लाखांच्या मालावर शेकडा एक रुपया भाव उतरवावा लागला. ते ऐंशी हजार मात्र खास चोरीचे. मग मी विचारले, ‘‘समोरचा स्वतः धडपडून या प्रमाणापर्यंत किती दिवसांत पोचला असता?’’ त्याने प्रामाणिकपणे सांगितले, ‘‘दोन हंगामांत.’’ म्हणजे चोराने दोन हंगामांची आघाडी चोरली, जन्मभराची नव्हे. दुसऱ्या हंगामाचा तोटा निम्मा, म्हणजे एक लाख धरला. एकूण तीन लाख ऐंशी हजार.

त्याचे तोंड उतरले. ‘‘सर, तुमी कोनाच्या बाजूनं हाय?’’

‘‘हिशेबाच्या,’’ मी म्हटले. चाळीस लाखांच्या दाव्यातला एक खिळा सैल निघाला की सारा डोलारा कोसळतो, आणि त्याबरोबर खरे तीन लाख ऐंशी हजारही गाडले जातात. आणखी एक सांगून ठेवतो. आपला तोटा दिसत नसेल तर चोराचा नफा मोजावा, किंवा तेच ज्ञान त्याने रीतसर विकत घेतले असते तर काय मोजले असते ते पाहावे. पण एकाच तोट्यासाठी तिन्ही रकमांची बेरीज करून मागणे म्हणजे एका म्हशीचे दूध तीनदा विकणे होय.

फुगवून सांगण्याची ही खोड लहानांनाच असते असे समजू नका. २०१९ साली पेप्सिको कंपनीने गुजरातेतील चार बटाटा शेतकऱ्यांवर प्रत्येकी एक कोटीहून अधिक रुपयांचा दावा लावला होता. तो वाद गुपिताचा नव्हता, नोंदणी केलेल्या वाणाचा होता. पण मोजणीची तऱ्हा तीच. काही एकरांच्या बटाट्याने कंपनीचे कोटीचे नुकसान कसे होते, हे कुठल्या पाटीवर सिद्ध झाले असते? देशभर ओरड झाली आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात कंपनीला दावे मागे घ्यावे लागले. असा आकडा भरपाईसाठी मांडलेलाच नसतो. तो समोरच्याच्या छातीत धडकी भरवण्यासाठी असतो.

आता आजोबांच्या पंथाकडे वळतो. तोटा नेमका मोजता येत नाही, म्हणून देऊच नये, असे म्हणणारे विद्वान आजही भेटतात. त्यांना १९११ सालचा एक विलायती निकाल ऐकवावासा वाटतो. एका नटाने सौंदर्यस्पर्धा जाहीर केली होती. शेवटच्या पन्नास जणींतून बारा निवडायच्या होत्या आणि त्यांना नाटकात काम मिळायचे होते. एकीला वेळेवर बोलावणेच पोचले नाही. ती निवडली गेली असती की नाही, हे ब्रह्मदेवालाही सांगता आले नसते. तरी न्यायालयाने तिला मिळालेली शंभर पौंडांची भरपाई कायम ठेवली. मोजणे अवघड आहे, म्हणून अपराध्याला सुटका नाही, हे त्या निकालाचे मर्म. मग डाळीच्या वहीलाच दुसरा न्याय का?

आपल्या महाराष्ट्राचे उदाहरण पाहा. सेंच्युरी कंपनीने कल्याणच्या कारखान्यात टायरसाठी लागणारे सूत काढण्याचे तंत्र हॉलंड आणि जर्मनीच्या कंपन्यांकडून १,४०,००० जर्मन मार्कांना घेतले, तेही गुप्त राखण्याच्या अटीवर. १९६३ साली पाच वर्षांच्या करारावर घेतलेला एक शिफ्ट सुपरवायझर १९६४ मध्ये कोट्याच्या प्रतिस्पर्धी कारखान्यात गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले. जानेवारी १९६७ मध्ये न्यायालयाने कराराची मुदत संपेपर्यंत त्याला तिथे काम करण्याची केलेली मनाई कायम केली. आणि या खटल्यात भरपाईचा आकडा किती होता? २,४१० रुपये! करारात लिहिल्याप्रमाणे सहा महिन्यांचा पगार. न्यायालयाला मी दोष देत नाही. रक्कम करारानेच ठरवली होती आणि कंपनीचे खरे रक्षण मनाईनेच झाले. पण विचार करा : दीड लाखाच्या घरातल्या मार्कांचे गुपित, आणि त्याचे माप एका नोकराचा पगार! ज्याला अशी मनाई वेळेवर मिळत नाही, त्या लहान कारखानदाराने असल्या मापाचे काय करावे?

येथवर माझे ऐकून मालकवर्ग खूश झाला असेल. त्यांनी थोडे थांबावे. आम्ही पाटीवरून उठलो तेव्हा मी विद्यार्थ्याला विचारले, ‘‘मिस्त्री गेला तेव्हा त्याचा पगार किती होता?’’ तो गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, ‘‘वही बाबाची व्हती, सर, पन ढीग कवा उलथाचा थे त्याच्या नाकालेच समजे.’’ वही चोरीची आहे, ती परत आलीच पाहिजे. पण ते नाक कोणाचे? १८७२ च्या करार कायद्याचे सत्ताविसावे कलम माणसाला धंद्यापासून अडवणारा करार रद्द ठरवते, आणि ते योग्यच आहे. अठरा वर्षांत हाताला आणि नाकाला आलेले शहाणपण माणसाबरोबर जाणारच. तोट्याच्या हिशेबातून ते वगळलेच पाहिजे. नाहीतर उद्या नोकरी सोडणारा प्रत्येक जण चोर ठरेल.

आणि हिशेबच करायचा तर जुना हिशेबही विसरू नये. १७४२ साली एका फ्रेंच पाद्र्याने कोरोमंडल किनाऱ्यावरच्या रंगाऱ्यांकडून छिटांच्या रंगाची कृती काढून घेऊन पत्राने फ्रान्सला धाडली. १८६६ साली फोर्ब्स वॉटसनने आपल्या कापडांचे सातशे नमुने अठरा खंडांत चिकटवले, ते विलायतेच्या गिरणीवाल्यांना इथे काय खपते ते कळावे म्हणून. ज्या कारागिरांची ती विद्या, त्यांचा तोटा कोणी मोजला? दावा लावायला त्यांच्याजवळ वहीही नव्हती आणि वकीलही नव्हता.

विधी आयोगाने मार्च २०२४ च्या अहवालात व्यापारी गुपितांसाठी स्वतंत्र कायद्याची शिफारस केली आहे. असा कायदा लिहिणाऱ्यांना एका मास्तराची विनंती आहे की त्यांनी त्यात मोजणीचा धडा घालावा. नेमके काय चोरले ते आधी सांगायला लावा. पाऊस आणि बाजार वजा करा. विक्री मोजू नका, नफा मोजा. आघाडी किती काळाची ते ठरवा. कामगाराचे कसब वेगळे काढा. आणि एवढे करून जे उरेल ते, अवघड आहे असे न म्हणता, पै न् पै द्यायला लावा.

माझ्या विद्यार्थ्याने तीन लाख ऐंशी हजारांची नोटीस धाडली आहे. मिस्त्रीचे नाव मात्र त्याने तिच्यातून काढले. दावा समोरच्या मालकावर आहे. निकाल काय लागेल तो लागो. त्याची वजाबाकी आता पक्की झाली आहे.

आणि आजीची भाजणी? त्या वर्षी आमच्या चकल्या मागायला कोणी आले नाही. तिचा तोटा एवढाच होता, आणि तो तिने पहिल्याच दिवशी अचूक मोजला होता.