कुलूप बहुमताने लागलं

आमच्या सोसायटीला लागून पालिकेची एक बाग आहे. सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते आठ उघडी, मधल्या वेळात कुलूप. हे कुलूप गेल्या वर्षी लागलं आणि ते लागण्यात माझाही हात आहे.

झालं असं, की दुपारी डिलिव्हरीवाली पोरं तिथल्या बाकांवर आडवी व्हायची. आमच्याच घरांतली धुणीभांडी उरकून बायका पुढच्या कामाआधी सावलीत डबा खायच्या. सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर कुरकुर सुरू झाली, 'कोण कुठली माणसं येऊन बसतात'. मी पडलो इंजिनिअर. भांडण दिसलं की डेटा गोळा करायचा, एवढंच येतं. मी गूगल फॉर्म बनवला, रंगीत पाय-चार्टसकट निकाल लावला. भरघोस बहुमत कुलपाच्या बाजूने. तो चार्ट जोडून अर्ज गेला आणि पंधरवड्यात कुलूप आलं. (त्याच बागेतल्या फुटक्या नळाची तक्रार ॲपवर दोनदा 'निराकरण झाले' असं म्हणून बंद झाली होती. नळ अजून गळतोय. तिकीट बंद करणं आणि बग दुरुस्त करणं यांतला फरक मला कुणी शिकवायला नको.)

फॉर्म गेला होता फक्त सोसायटीच्या ग्रुपवर. दुपारी बागेत बसणाऱ्या एकाही माणसापर्यंत तो पोचला नव्हता. हे माझ्या डोक्यात शिरलं ते आमच्या मजल्यावर काम करणाऱ्या मावशींनी फुटपाथवर डबा उघडताना विचारलं तेव्हा. "दादा, बाग कशापायी बंद केली हो?" मी 'मेंटेनन्स' असं काहीतरी पुटपुटलो.

म्हणून 'शहरातल्या जागा लोकांच्या हाती द्या' असं कुणी म्हटलं, की मी आता आधी विचारतो, कुठल्या लोकांच्या? माझ्या व्यवसायात सामायिक मालकीचं फार कौतुक आहे. लिनक्स बघा, विकिपीडिया बघा, जग त्यावर चालतंय, मग शहर का नाही चालणार? हे उदाहरण फसवं आहे. कोड मी वापरला म्हणून तुमच्यासाठी कमी होत नाही. आणि पटलं नाही तर मी प्रोजेक्टची प्रत काढून वेगळी चूल मांडतो. बागेची प्रत काढता येत नाही. बाक एकच, सावली एकाच झाडाची, नळाला पाणी तेवढंच. न पटणाऱ्या माणसासोबतच नियम ठरवावे लागतात आणि नेमकं तेच आपल्याला नको असतं.

गॅरेट हार्डिनने १९६८मध्ये मांडलं, की सामायिक कुरणाची शेवटी वाट लागणारच. मग एकतर सरकारने ताबा घ्यावा, नाहीतर खासगी मालकी द्यावी. एलिनॉर ऑस्ट्रॉमने मासेमारीपासून सिंचनापर्यंत प्रत्यक्षात चालणाऱ्या व्यवस्था अभ्यासून दाखवलं, की तिसरा मार्गही असतो. २००९मध्ये तिला त्यासाठी अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पण तिच्या अटी कुणी सांगत नाही. ज्यांना नियम लागू होतात त्यांना ते बदलण्यात वाटा हवा, आणि वरच्या सत्तेने त्यांचा हा हक्क मान्य केलेला हवा. माझा फॉर्म पहिल्याच अटीवर नापास.

दुसऱ्या अटीवर आपली राज्यव्यवस्था नापास आहे. ७३वी आणि ७४वी घटनादुरुस्ती या जुळ्या बहिणी, १९९३मध्ये सुमारे सव्वा महिन्याच्या अंतराने लागू झाल्या. पहिलीने गावाला ग्रामसभा दिली, म्हणजे मतदारयादीतला प्रत्येक माणूस. दुसरीने शहराला काय दिलं? तीन लाखांहून मोठ्या शहरांत प्रभाग समित्या. त्यात मी कुठेच नाही आणि मावशीही नाहीत. पुढे केंद्राच्या जेएनएनयूआरएम योजनेचे पैसे हवेत म्हणून महाराष्ट्राने २००९मध्ये कायद्यात 'एरिया सभा' घातली. काही मतदान केंद्रांचे सगळे मतदार मिळून एक सभा. अधिकार मुख्यतः सुचवण्यापुरते, पण निदान एका छताखाली बसायची सोय. तुम्ही कधी अशा सभेला गेला आहात? २०२२च्या मार्चपासून मुंबई-पुण्याला जवळपास चार वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. आणि गेटेड सोसायट्यांत त्याचं कुणाला फारसं वाईट वाटल्याचं मला दिसलं नाही.

आता गडचिरोलीतलं मेंढा-लेखा पाहा. गोंड आदिवासींचं लहानसं गाव. वनहक्क कायद्याखाली २००९मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, २०११मध्ये स्वतःच्या बांबूची वाहतूक परवानगी स्वतः देण्याचा अधिकारही. ग्रामसभेत बहुमत चालत नाही, सर्वसहमती लागते. एकाचं पटलं नाही तर विषय पुढच्या बैठकीवर. वेळखाऊ आहे, मान्य. माझा फॉर्म दोन दिवसांत आटोपला होता.

'गाव लहान, एका समाजाचं. शहरात हे जमणार नाही,' हा आक्षेप खरा आहे. शहरात तर आणखी एक अडचण आहे. बाकावरच्या कित्येक पोरांचं मतदान गावाकडे असतं, त्यामुळे एरिया सभाही त्यांना मोजणार नाही. तिथे येतो-राबतो तो सभासद, असा वेगळा निकष लागेल. पण सभा अवघड म्हणून आपण काय निवडतो ते बघा. मुंबईत मोकळी मैदानं सांभाळायला खासगी संस्थांना देण्याचं धोरण निघालं, काही ठिकाणी त्यांच्यावर क्लब उभे राहिले, आणि २०१६च्या जानेवारीत एवढा गदारोळ झाला की मुख्यमंत्र्यांना नव्या धोरणाला स्थगिती द्यावी लागली. मग जागा पालिकेकडे परत. हार्डिनचे दोनच पर्याय, आलटून पालटून. सरकारी कुलूप किंवा खासगी कुलूप.

आणि आमच्यासारख्यांचा 'लोकसहभाग' म्हणजे तिसरं कुलूप. सोसायटी ही कागदोपत्री सहकारी संस्था असते, सभा, ठराव, निवडणूक सगळं रीतसर. त्याच रीतसर ठरावांनी कित्येक इमारतींत कामवाल्यांची लिफ्ट वेगळी केली आहे. स्वतःचा कारभार स्वतः करणं म्हणजे आपोआप न्याय नव्हे. खोलीत कोण आहे त्यावर ते ठरतं. मेणबत्त्या घेऊन टेकडी वाचवायला जाणारा माझा वर्ग (मीही गेलोय) टेकडीवर सरपण वेचणारी बाई दिसली की वॉचमनला फोन लावतो.

मागच्या महिन्यात मी दुसरा अर्ज केला, बाग दुपारी उघडी ठेवावी म्हणून. फॉर्म नाही, कागद. चार दुपारी गेटबाहेर उभा राहून सह्या घेतल्या. दोन पोरांनी 'आयडी बंद होईल' म्हणून सही नाकारली. मावशींनी केली, वर आणखी सात जणींना घेऊन आल्या. अर्जाचा फोटो कसा कोण जाणे, सोसायटीच्या ग्रुपवर पोचला. पहिला मेसेज होता, 'हे कोणाला विचारून केलं?'